काळबादेवीच्या भुईखाली

दिंडोरीच्या व्यापाऱ्याला मुंबईची वाट नवी नाही. नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस पकडावी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे आणि गर्दीतून वाट काढीत मुळजी जेठा मार्केट किंवा झवेरी बाजार गाठावा, हा अनेकांचा वर्षानुवर्षांचा क्रम. त्या वाटेला आता भुईखालून एक फाटा फुटला आहे. टर्मिनसनंतरचे मेट्रोचे पुढचेच स्थानक काळबादेवी.

देशातील पहिली भुयारी रेल्वे १९८४ साली कोलकात्यात धावली. मुंबईची कफ परेड ते आरे ही मार्गिका ८ ऑक्टोबर २०२५ रोजी अखेरच्या टप्प्याच्या उद्घाटनाने पूर्ण झाली. लांबी साडेतेहेतीस किलोमीटर, स्थानके २७. त्यांपैकी आरे तेवढे जमिनीवर, बाकीची २६ भुईखाली.

दिंडोरीत विहीर खोदताना जो काळा पाषाण लागतो, त्याच जातीचा पाषाण या मार्गावरही बऱ्याच ठिकाणी लागला. तो भेदण्यासाठी सतरा यंत्रे उतरवली गेली. यंत्राचे फिरते तोंड खडक भरडते. मागे काँक्रीटचे तयार तुकडे जोडून कडे रचले जाते आणि त्याच कड्याला रेटा देऊन यंत्र पुढे सरकते. या यंत्रांना नावे दिली ती नद्यांची : कृष्णा, तापी, वैतरणा, गोदावरी. दिंडोरी तालुक्यातून वाहणारी कादवा नांदूरमधमेश्वरला गोदावरीस मिळते. त्या गोदावरीचे नाव असे मुंबईच्या पोटात उतरले. धारावीजवळ तर हे भुयार चक्क मिठी नदीच्या पात्राखालून जाते.

फलाटाच्या कडेला काचेची भिंत असते. गाडी थांबली की तिची दारे व भिंतीतील दारे समोरासमोर येऊन एकदम उघडतात. त्यामुळे रुळांवर कोणी पडत नाही आणि फलाटावरील गारवाही टिकतो.

काळबादेवी व गिरगाव येथे मात्र काम अवघड होते. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना जुन्या चाळी व पेढ्या. वरून मोठा खड्डा घेण्यास जागाच नव्हती. म्हणून खडक आतल्या आत थोडा थोडा फोडून, लगोलग आधार देत स्थानके कोरावी लागली. तरीही काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. तेथील कुटुंबांना घरे आणि दुकाने रिकामी करावी लागली. त्याच परिसरात त्यांचे पुनर्वसन करण्याचे मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनने मान्य केले.

पेढीची जागा म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. ओळखीचे गिऱ्हाईक, शेजारची पत, उधारीचा विश्वास हे सारे त्या जागेला चिकटलेले असते. ते दूरच्या उपनगरात नेता येत नाही. म्हणूनच ‘त्याच परिसरात’ या शब्दांचे मोल मोठे आहे. व्यापारात दिलेला शब्द हुंडीसारखा असतो. मेट्रो वेळेत पोहोचवील, धक्के वाचवील. परंतु शेवटच्या कुटुंबाच्या हाती किल्ली पडेल, त्याच दिवशी काळबादेवीची हुंडी खऱ्या अर्थाने वटेल.