भांड्यावरचे नाव

गावाचा अभिमान ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. ज्याच्या गावात किल्ला असतो तो किल्ल्याचा अभिमान बाळगतो. ज्याच्या गावात नसतो तो शेजारच्या किल्ल्यात आपल्या पणजोबांची घोडी कशी बांधलेली असत, ते सांगतो. आम्हा वाशीमकरांना तशी वाण नाही. वाकाटकांची वत्सगुल्म नगरी आमची, बालाजीचे देऊळ आमचे, पद्मतीर्थ आमचे. पण अलीकडे मी या यादीत एक लढाऊ विमान घालू लागलो आहे, आणि ऐकणारे माझ्याकडे जरा काळजीनेच पाहतात.

त्यांची काळजी रास्त आहे. दोन्ही महायुद्धांत वाशीमवर बाँब टाकायला कोणी आले नाही, की वाशीमहून कोणी टाकायला गेले नाही. तेव्हा हिशेब नीट मांडून दाखवणे भाग आहे.

लंडनच्या हेंडन भागात ब्रिटिश हवाई दलाचे संग्रहालय आहे. त्यात 'डी. एच. ९ ए' जातीचे एक जुने दुपंखी विमान जपून ठेवले आहे. ते ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे. या पथकाच्या विमानांचा खर्च हैदराबादच्या निजामाने, मीर उस्मान अली खान यांनी दिला, म्हणून पथकाला 'हैदराबाद' हे नाव मिळाले. १९१८ च्या सप्टेंबरात पथक फ्रान्समध्ये पोहोचले आणि जर्मन शहरांवर बाँब टाकू लागले. पुढच्या दोन-सव्वादोन महिन्यांत युद्ध संपले. पण तेवढ्या अवधीतही त्यांची बरीच विमाने परतली नाहीत. हेंडनचे हे विमान ५ ऑक्टोबरला शत्रूच्या मुलखात उतरले आणि पकडले गेले. ते बर्लिनच्या संग्रहालयात राहिले, दुसऱ्या महायुद्धात पोलंडात जाऊन पडले आणि १९७७ साली एकदाचे इंग्लंडला पोहोचले. सासरी, माहेरी, आणि मधल्या मधे तिसऱ्याच्याच घरी असा प्रवास एखाद्या दुर्दैवी सुनेलाही घडला नसेल!

आता यात वाशीम कोठे आले? त्यासाठी पैनगंगेकडे यावे लागेल. नदीपलीकडे हिंगोली, तेथे निजामाचे राज्य. तिथल्या छावणीत 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची फौज असे. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज, आणि खर्च निजामाचा. तो खर्च थकला, म्हणून १८५३ साली कंपनी सरकारने वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. आमच्या अख्ख्या मुलखाची एका फौजेच्या पगारासाठी गहाणवट झाली म्हणा ना! पुढे १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि भाडे ठरले दर वर्षाला २५ लाख रुपये. म्हणजे वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीने कापूस द्यायचा, कापसाने शेतसारा द्यायचा, तो इंग्रजांच्या तिजोरीत जायचा आणि त्यातून निजामाचे भाडे निघायचे. निजामाने त्या तिजोरीतून विमाने दिली. तेव्हा विमानाचा निदान एखादा खिळा, गेला बाजार पंखाच्या कापडाची एखादी चिंधी, आमची नाही असे कोण म्हणेल?

हे सारे मी मोठ्या ऐटीत घरात सांगितले. आमच्या सौभाग्यवती फराळाची भांडी काढत होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, "अहो, मग त्या विमानावर नाव कोणाचे आहे?"

"निजामाचे."

"झाले तर! भांड्यावर ज्याचे नाव, भांडे त्याचे."

बायकांचा हा कायदा मोठा पक्का असतो. लग्नामुंजीत आलेल्या पितळी डब्यावर 'सप्रेम भेट' आणि खाली मामांचे नाव कोरलेले असले, की तो डबा मरेपर्यंत मामांचाच. मग ते पैसे मामांनी कोठून आणले होते, हे विचारायचे नाही. मी गप्प बसलो. पण तो प्रश्न काही गप्प बसेना.

कारण १९१८ साली माझे आजोबा पैनगंगेच्या अलीकडच्या एका खेड्यात शेतसारा भरत होते. त्या साली पावसाने दगा दिला आणि पाठोपाठ मानमोडीची साथ आली. मध्यप्रांत-वऱ्हाडात ती फार भयंकर होती. ते विमान जर्मनांच्या हाती पडले, त्याच मोसमात आजीची चार वर्षांची मुलगी दोन दिवसांच्या तापात गेली. आजी तिच्याविषयी फारसे बोलत नसे. दिवाळीत पणत्या मांडताना मात्र घरातल्या मुलांची गिनती करी आणि एक पणती जास्त लावी. आपण त्या साली एका विमानाला हातभार लावला, हे त्या दोघांना कोणी सांगितले नाही. आणि सांगितले असते, तरी त्यांनी औषध मागितले असते.

दुसऱ्या महायुद्धात हैदराबादचे नाव आणखी पथकांना मिळाले. १५२ क्रमांकाच्या पथकाच्या चिन्हावर तर निजामाची पगडीच होती, आणि ब्रीद होते 'विश्वासू मित्र'. ही पगडी मिरवणारी स्पिटफायर विमाने १९४० साली इंग्लंडच्या आकाशात लढली, आणि पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. तिथेच १९४४ साली इंफाळला आपल्या हवाई दलाचे पहिले स्क्वाड्रन अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली लढत होते. त्याच्या नावात राजा नव्हता, पगडी नव्हती. विमान चालवणारी पोरे मात्र आपली होती.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने हैदराबाद संस्थानावर गेली आणि १७ तारखेला तो खेळ आटोपला. पैनगंगेच्या दोन्ही काठांचे राज्य एक झाले. १९०५ साली मोडलेला आमचा वाशीम जिल्हाही १९९८ साली पुन्हा उभा राहिला.

त्या पथकांतल्या वैमानिकांविषयी मला आकस नाही. विशी-पंचविशीची मुले ती; कोणाच्या पैशाचे विमान, हे विचारायला त्यांना सवड नव्हती, आणि त्यांच्याही घरी आया होत्याच. निजामाशीही आता भांडण उरले नाही. लक्ष्मीपूजनाला मात्र नवी वही पुढे आली, की वाटते, जमेच्या बाजूला एक ओळ लिहून ठेवावी : 'सन १९१८. कापूस, पैनगंगाकाठ. नाव घातलेले नाही.'

आणि यंदा आजीची ती जास्तीची पणती मी लावणार आहे. सौभाग्यवतींनी वात आधीच वळून ठेवली आहे.