केळीची गाडी आणि सोळा बिट

मित्रांनो, 'सी'च्या प्रॅक्टिकलला सर "मेमरीची साईज नीट मोजा" म्हणून कानीकपाळी ओरडतात. एका आकड्याने असं काय बिघडतं? मी जळगाव जिल्ह्यातला, शिकायला धुळ्यात. उत्तर मला आमच्या केळीच्या वाटेवरच सापडलं.

विंडोजच्या जुन्या फाईल शेअरिंगच्या ड्रायव्हरमध्ये ३२ बिटांचं माप कमी करताना खालचे १६ बिटच बदलले जायचे. माप घटण्याऐवजी फुगायचं! म्हणजे जागा धरली पाच घडांची आणि भरले पन्नास. जास्तीचा माल शेजारच्या मेमरीवर सांडायचा आणि त्या फटीतून परका माणूस थेट कर्नलमध्ये शिरायचा. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दुरुस्ती दिली. तरी २७ जूनला 'नॉटपेट्या' जगभर पसरला. त्याच्या वाटांपैकी ही एक. न्हावा-शेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल त्यात ठप्प झालं. आपली रावेर-सावद्याची केळी याच बंदरातून आखातात जाते, आणि पिकायला लागलेली केळी कुणासाठी थांबत नाही.

तेव्हापासून मेमरीचं माप म्हटलं की मला मळ्यातून निघालेली गाडी दिसते. दोस्तहो, मार्कांसाठी नको, त्या गाडीसाठी तरी साईज मोजा. आणि हो, अपडेट उद्यावर टाकू नका!