गाडी गार असताना

जालन्याच्या माणसाला सौदा शिकवावा लागत नाही. 'जालना सोने का पालना' ही म्हण ज्या गावाची, त्या गावात बी-बियाण्यापासून लोखंडी सळईपर्यंत सगळे पारखून, तोलून आणि घासाघीस करूनच हातबदल होते. मोंढ्यातला व्यापारी पोत्याच्या तोंडचे धान्य पाहून भाव करत नाही. लोखंडाची टोकदार नळी तो पोत्याच्या पोटात खुपसतो आणि तळातले दाणे तळहातावर घेतो. पण जुनी मोटारगाडी घ्यायची वेळ आली की हेच जालनेकर रंगाला भुलतात, सीटची कव्हरे चाचपतात, टेप वाजवून पाहतात आणि बोलणी सुरू करतात. गाडीच्या पोटात नळी कुठून खुपसायची, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आमच्या घरात मोटार कधी नव्हती. अब्बांची सायकल, पुढे आम्हा भावांची मोटारसायकल, आणि लांबचा पल्ला असला की एस.टी. एवढ्यावर दोन पिढ्या निघाल्या. २०२३ च्या हिवाळ्यात अम्मीचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी पुढे रेडिएशन सांगितले. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे, छत्रपती संभाजीनगरला. (त्याच वर्षी शहराचे नाव बदलले होते, आमच्या घरात अजूनही तोंडातून औरंगाबादच निघते, जिभेला वेळ लागतो.) जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. टाके ओले असताना एस.टी.चे धक्के तिला सोसणारे नव्हते. भाड्याच्या गाडीचा हिशेब मांडला तर पाऊण लाखाच्या पुढे जात होता, आणि त्यानंतरच्या तपासण्या वर्षानुवर्षे चालणार होत्या. जखम भरेपर्यंत महिनाभराची सवड होती. तेवढ्यात गाडी घ्यायची असे ठरले.

वरच्या खोलीच्या स्लॅबसाठी साठवलेले दोन लाख वीस हजार रुपये होते. बँकेचे कर्ज अब्बांनी एका वाक्यात मोडीत काढले. व्याजाचा पैसा अम्मीच्या दुखण्यात नको, म्हणाले. त्यावर वाद घालण्याची आमच्यापैकी कुणाची इच्छाही नव्हती. म्हणजे गाडी रोखीची, आणि रोखीची म्हणजे जुनी. अट एकच होती: बदनापूर आणि करमाडच्या मध्ये, उन्हात, आजारी बाईला घेऊन ती रस्त्यात उभी राहता कामा नये. मॉडेल, रंग, अ‍ॅव्हरेज या गोष्टी आम्ही विचारातूनच काढून टाकल्या.

मोहल्ल्यातल्या गॅरेजचे मिस्त्री आमच्या अब्बांचे दोस्त. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, आम्ही चाचा म्हणतो. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते रॉकेलच्या डब्यात नट-बोल्ट धूत बसले. जीपा आणि अ‍ॅम्बेसिडर यांवर त्यांचा हात बसला, कार्बोरेटर गेला तेव्हा ते पुन्हा शिकले, २०२० साली बीएस-६ आले तेव्हा पुन्हा. वाहनदुरुस्तीच्या धंद्यात मुसलमान कामगारांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त आहे, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले. आमच्या गल्लीत त्यासाठी अहवालाची गरज पडली नसती. गल्लीतल्या दर चौथ्या घरात काळ्या हातांचा एक तरी पोरगा होता. या विद्येला प्रमाणपत्र नाही. पण जालन्यात कुणाची जुनी गाडी घ्यायची झाली की डॉक्टर-वकीलसुद्धा चाचांना विचारतात.

पहिली गाडी पाहायला गेलो तर मालकाने ती दारात चालू करूनच ठेवली होती. एकसारखा, रेशमी आवाज. आम्ही खूश. चाचांनी बॉनेटवर तळहात ठेवला, मालकाला सलाम केला आणि परत फिरले. बॉनेट उघडलेही नाही. वाटेत म्हणाले, "गार गाडी पाहायची बेटा. सुबह की पहली आवाज सच्ची रहती, बाद में सब सीख जाते."

नंतर त्यांनी कारण समजावले. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनातले ऑइल खाली उतरलेले असते. झिजलेले बेअरिंग, सैल पडलेली चेन, ढिला झालेला पिस्टन हे सगळे सुरुवातीच्या दहा-पंधरा सेकंदांत बोलतात. मग ऑइल वर पोहोचते, धातू तापून फुगतो, फटी भरतात आणि इंजिन गप्प होते. विकणाऱ्याला हे माहीत असते. म्हणून तो गिऱ्हाईक येण्याआधी गाडी फिरवून आणतो.

दुसरी गाडी बदनापूरच्या अलीकडची. डिझेल हॅचबॅक, मीटरवर बासष्ट हजार. फजरनंतर निघालो आणि मालक दात घासत असतानाच पोहोचलो. बॉनेट बर्फासारखे गार. चाचांनी आधी आत डोकावून पायाखाली पाहिले. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचे रबर पार गुळगुळीत झाले होते. मग टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला सांगितले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. म्हणजे २३१४ लिहिले असेल तर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. ही चारही टायरे गाडीपेक्षा सहा-सात वर्षांनी तरुण निघाली आणि तीही झिजत आलेली. बासष्ट हजारांत टायरांचा दुसरा जोड एवढा उतरत नाही. मीटर मागे फिरवता येते, रबर कोण फिरवणार?

मग ऑइलची पट्टी काढली. ऑइल मधासारखे पिवळे. आम्हाला वाटले, काय छान ठेवली आहे! चाचांच्या कपाळावर आठी आली. डिझेल इंजिनातले ऑइल थोड्याच दिवसांत काळे पडते; पिवळे आहे म्हणजे काल-परवा बदललेले, आणि बोटावर ताणून पाहिले तर गरजेपेक्षा घट्ट. घट्ट ऑइलने झिजलेल्या इंजिनाचा खडखडाट काही दिवस दबतो. गाडी चालू झाल्यावर त्यांनी ऑइल टाकायचे झाकण उघडून नुसतेच तोंडावर ठेवले. झाकण थडथड उडू लागले आणि खालून धुराचे झोत येऊ लागले. याला गॅरेजच्या भाषेत 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजले की वर कोंडायचा दाब खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. मागून निळसर धूर होताच. काळा धूर असता तर एवढी चिंता नव्हती, तो बहुधा एअर फिल्टरचा नाहीतर डिझेल जास्त जाण्याचा. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर पाणी आत जाते आहे असे समजायचे. निळा म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे, आणि औषध एकच: इंजिन खोलून बांधणे. "डिझेल आहे, एवढं तर येणारच," मालक म्हणाला. चाचांनी चहा घेतला, हुज्जत घातली नाही.

आपल्या भागात गाड्या लवकर का म्हाताऱ्या होतात, हेही त्या परतीच्या वाटेवर कळले. एक म्हणजे धूळ. काळ्या रानातली उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी बारीक असते. एअर फिल्टर वेळेवर बदलला नाही तर ती सिलिंडरमध्ये जाऊन पॉलिशपेपरसारखी घासते. दुसरे म्हणजे पाणी. २०१३ च्या दुष्काळात जालन्याने पाण्यासाठी काय सोसले ते सांगायला नको. पण पाणी असते तेव्हाही रेडिएटरमध्ये पडते ते बोअरचे. कूलंटचे पैसे वाचवायचे म्हणून बोअरचे जड पाणी ओतायचे. बादलीला पांढरा थर धरतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. मग इंजिन तापते, हेड वाकते, गॅस्केट उडते. चाचांच्या मते निम्मी इंजिने तीनशे-चारशे रुपयांच्या कूलंटपायी मेली. त्यांचा आकडा आम्ही तपासलेला नाही, पण गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेली गंजकी रेडिएटरे आम्ही पाहिली आहेत. ती पुढे कुठे जातात हे जालन्यात विचारायचे कारण नाही. भट्ट्या गावातच आहेत. गाडीचे भंगार वितळते आणि कुणाच्या तरी स्लॅबमधली सळई होते.

या खटाटोपावर एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली शोधनिबंध लिहिला होता हे आमच्या धाकट्याने कॉलेजात वाचले होते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ त्यांचे नाव. निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला आणि २००१ साली त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळाले. विकणाऱ्याला गाडीची खोट माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला खोटी समजूनच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात खोट्याच गाड्या उरतात. तिकडे खोट्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. आपल्याकडे चांगल्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, तो भाग वेगळा. हे अ‍ॅकरलॉफ त्याआधी वर्षभर भारतात राहून गेले होते. जालन्याला आले असते तर चाचांनी त्यांना आणखी एक-दोन गोष्टी सांगितल्या असत्या.

तिसरी गाडी अंबडला एका निवृत्त शिक्षकांची. २०१३ ची पेट्रोल वॅगन आर, एमएच-२१. सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर शाळेची दोनशे पानी वही. आम्ही काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "आधी सांगतो, मग बघा. २०१९ च्या मे महिन्यात ही तापली होती. चूक माझी, मी बोअरचं पाणी घालत होतो. हेड काढावं लागलं."

आमची तोंडे उतरली. तापलेली गाडी म्हणजे हात लावू नये, असे आजवर ऐकलेले. मोठा भाऊ उठायच्याच बेतात होता. चाचा मात्र खुर्ची पुढे ओढून बसले. काटा वर गेल्यावर गाडी किती चालवली? सर म्हणाले, लगेच कडेला घेतली, लिंबाखाली दोन तास थांबलो, ओढून आणली. वहीत त्या दिवसाची नोंद होती. पुढच्या पानावर गॅस्केटचे बिल, हेडला फेस मारल्याचे बिल, नव्या रेडिएटरचे बिल टाचणीने लावलेले. त्यानंतर दर पाच हजारांवर ऑइल, तारीख आणि किलोमीटर, सगळे पेन्सिलीने.

वहीवर विश्वास ठेवून चाचा थांबले नाहीत. गार इंजिनाचा पहिला आवाज ऐकला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून डॉक्टरासारखे जागोजाग ऐकले. या इंजिनाला टायमिंगचा बेल्ट नसून चेन आहे, ती खळखळत नव्हती. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा थर नव्हता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी नाही. कूलंटवर तेलाचा तवंग नव्हता. चालू केल्यावर लगेच रेडिएटरचा पाइप दाबून पाहिला, तो मऊच होता. गॅस्केट गळत असते तर दाबाने तो दगडासारखा झाला असता. मग एसी लावून वडीगोद्रीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर फिरवली आणि परत आल्यावर चालू ठेवून पंखा केव्हा लागतो, केव्हा बंद होतो ते मोजत बसले. शेवटी म्हणाले, "बीमार हुई थी, अच्छी हो गई. जिनको कभी खोलेच नै, उनका क्या भरोसा?"

१९३० चा वस्तुविक्री कायदा मोठा भाग घेणाऱ्याच्याच अंगावर टाकतो: नीट पाहून घ्या. आमच्या बुजुर्गांचा कायदा उलट आहे. मालातला ऐब विकणाऱ्याने आपण होऊन सांगायचा. अंबडच्या सरांनी आमचे किताब वाचले असतील असे वाटत नाही. त्यांनी दोन लाख पाच हजार सांगितले होते, आणि अब्बांनी एक रुपयाही कमी करायला लावला नाही. आयुष्यभर भाजीवालीशी आठ आण्यांवरून भांडलेले अब्बा!

कागदांचे काम धाकट्याने केले. कर्जाचा बोजा नाही, दंडाची चलने नाहीत, नमुना २९ आणि ३० वर सह्या. सरांनाच घाई होती आणि ती योग्य होती. नाव बदलले नाही तर अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात स्पष्ट केले आहे. गाडी कितीही हातांनी पुढे विकली गेली तरी. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे आमची २०२८ ला संपेल. मग तपासणी, पर्यावरण कर आणि जमले तर आणखी पाच वर्षे.

गाडी दारात आली तेव्हा अम्मी उशीला टेकून खिडकीतून पाहत होती. हेड काढल्याची हकीकत आम्ही तिला सांगणार नव्हतो, धाकट्याने सांगून टाकली. ती हसली. "उसका भी ऑपरेशन हुआ क्या? फिर जमेगा हमारा."

तीस फेऱ्या झाल्या. काटा मधोमध राहतो की नाही इकडे अम्मीचेच जास्त लक्ष असायचे. शेंद्र्याच्या कारखान्यांपाशी ट्रकांच्या रांगेत अडकलो की ती पुढे वाकून पाहायची. गाडी एकदाही थांबली नाही. एकदा बॅटरी उतरली, पण ती आमच्याच दारात.

चाचांनी पारखणीचे पैसे घेतले नाहीत. त्यांचा मुलगा आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे, गाडीला स्कॅनर लावतो आणि पडद्यावरचा आकडा वाचून दोष सांगतो. बापलेकांचे त्यावरून वाजते. मुलगा म्हणतो, सेन्सर खोटे बोलत नाही. चाचा म्हणतात, रिंगेला कुठे सेन्सर असतो? २०२५ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. आमची गाडी त्यासाठी बनलेली नाही. अ‍ॅव्हरेज थोडे उतरले आहे. पेट्रोलचे रबरी पाइप दर सहा महिन्यांनी दाबून, वाकवून पाहायचे, तडा दिसला की बदलायचे, याबद्दल मात्र दोघांचे एकमत आहे.

सरांनी गाडीबरोबर वहीही दिली होती. तिच्यात आता अम्मीच्या हातच्या उर्दू आकड्यांतल्या नोंदी आहेत. शेवटची नोंद: ८९ हजार ६००, ऑइल, ऑइल फिल्टर, कूलंट एक लिटर, पुढच्या डाव्या चाकाचा बुश.