लाव्होचे द्राक्षमळे आणि सोहळ्याची जागा

काना गावच्या लग्नघरी द्राक्षारस सरला, तेव्हा यजमानाची लाज प्रभू येशूने राखली, हे संत योहानाच्या शुभवर्तमानातून आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या लग्नाचा मांडव कोठे पडला होता, भोवतालचा देखावा कसा होता, याविषयी सुवार्तिकाने एक अक्षरही लिहिलेले नाही. रांजण भरणाऱ्या चाकरांचा उल्लेख मात्र त्याने आवर्जून केला आहे; द्राक्षारस कोठून आला हे भोजनप्रमुखाला कळले नाही, चाकरांना कळले होते.

आज लग्न, रौप्यमहोत्सव किंवा कुटुंबाचा मेळावा ठरला की प्रथम जागेचा विचार होतो. पाण्याचा काठ असावा, हिरवी शेते असावीत, पाहुण्यांनी वाहवा करावी, अशी हौस आपल्याही घरांत शिरली आहे. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात द्राक्षमळे आणि जलाशय एकत्र पाहावयास मिळतात, म्हणून लोक तिकडे जातात. हौसेत वावगे काही नाही. परंतु जागा कोणत्या कसोटीवर निवडावी, हे समजून घेण्यासाठी वाचकांना आम्ही स्वित्झर्लंडमधील लाव्हो या प्रदेशाची ओळख करून देऊ इच्छितो. सरोवर, द्राक्षे आणि उत्सव यांचा इतका जुना संबंध फार थोड्या ठिकाणी आढळेल.

लोझान शहराहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी लेमाँ सरोवराच्या काठाने धावू लागते. याच सरोवराला आपण जिनिव्हाचे सरोवर म्हणतो. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ३७२ मीटर, खोली काही ठिकाणी ३०० मीटरांहून अधिक, आणि पैलतीरावर फ्रान्सचे डोंगर. अलीकडच्या काठावर पाण्यापासून वर चढत गेलेल्या उभ्या उतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरीवर द्राक्षवेलींच्या ओळी. लोझानच्या वेशीपासून शियाँच्या किल्ल्यापर्यंत सुमारे ३० किलोमीटर हा देखावा चालू राहतो. मध्ये क्युली, एपेस, रिव्हाझ, सँ-साफोराँ अशी अरुंद गल्ल्यांची लहान गावे आहेत. तेथील लोक म्हणतात की आमच्या वेलींना तीन सूर्य आहेत: एक आकाशातला, दुसरा सरोवराच्या पाण्यात परावर्तित होणारा, आणि तिसरा दिवसभर तापलेल्या दगडी बांधांतला, जो रात्री ऊब देतो. शासला जातीची पांढरी द्राक्षे येथे मुख्यत्वे पिकतात.

ही शोभा निसर्गाने आयती दिलेली नाही. बाराव्या शतकात सिस्टर्शियन संन्याशांनी या ओसाड उतारावर झाडी तोडून, दगड रचून बांध घालण्यास आरंभ केला. मिस्साबलीसाठी द्राक्षारस हवा आणि मठाला उत्पन्न हवे, या दोन्ही गरजा त्या श्रमामागे होत्या. पुढे १५३६ साली बर्नच्या सत्तेने हा मुलूख जिंकला, धर्मसुधारणेचा पंथ आला आणि मठ बंद पडले. तरीही देझाले येथील एका मळ्याला अद्याप ‘संन्याशांचे कुंपण’ अशा अर्थाचेच नाव आहे. माणसे गेली, प्रार्थनेच्या रीती बदलल्या, पण बांध उभे राहिले. कारण ढासळलेला दगड पुन्हा जागी बसविणारे हात प्रत्येक पिढीत निघाले.

मोठ्या सभांसाठी या किनाऱ्याची निवड पूर्वीपासून होत आली आहे. तुर्कस्तानशी झालेला १९२३ चा तह लोझानला झाला. तुर्की सामुद्रधुन्यांविषयीचा १९३६ चा करार माँत्र येथे झाला, आणि त्याच माँत्रमध्ये १९६७ पासून प्रसिद्ध जाझ संगीतमहोत्सव भरत आहे. रेल्वे, निवासगृहे आणि सपाट जागा शहरांत असल्यामुळे गर्दी तेथे मावते. मळ्यांतील गावांवर तिचा भार पडत नाही. जागा निवडणाऱ्याने हा विवेक ध्यानी घ्यावा.

परंतु या मुलखाचा खरा सोहळा वेवे गावचा. तेथे द्राक्षमळेवाल्यांचा एक बंधुसंघ आहे. गोव्याच्या चर्चमधील कोन्फ्रारीची आठवण व्हावी असा. त्याची १६४७ पासूनची दप्तरे उपलब्ध आहेत, आणि ‘प्रार्थना करा व श्रम करा’ हे त्याचे लॅटिन ब्रीद आहे. संघाचे जाणकार मळ्यांत हिंडून काम तपासतात. पाहणी होते ती मालकाच्या नव्हे, वेलींची निगा राखणाऱ्या कामकऱ्याच्या कसबाची. उत्तम कामकऱ्यांचा जाहीर गौरव करण्यासाठी १७९७ पासून तेथे मोठा उत्सव होऊ लागला. तो दरवर्षी होत नाही. एका पिढीत एकदाच होतो. अलीकडचे उत्सव १९५५, १९७७, १९९९ आणि २०१९ या वर्षी झाले. २०१६ साली युनेस्कोने या परंपरेची मानवजातीच्या वारशात नोंद केली.

याच उत्सवात एक धडाही आहे. २०१९ साली सरोवराकाठच्या बाजारचौकात वीस हजार प्रेक्षकांचे रंगमंडळ उभारण्यात आले. खर्चाचा अंदाज सुमारे १० कोटी फ्रँकांचा होता, आणि अखेरीस दीड कोटी फ्रँकांच्या आसपास तूट आली. शतकांचा अनुभव असलेल्या संघाचा हिशेब जर असा चुकू शकतो, तर लेकीच्या लग्नासाठी शेत गहाण टाकणाऱ्या बापाने किती सावध असावे! तळ्याकाठच्या एका संध्याकाळचे कर्ज फेडता फेडता नव्या संसाराची पहिली वर्षे जळून जातात. द्राक्षारसाचेही तसेच. वेदीवर तो पवित्र आहे, भोजनात तो देवाची देणगी आहे, पण मर्यादा सुटली की तोच घर फोडतो.

आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. सुंदर जागेवर सर्वांचाच डोळा असतो. लाव्होच्या उतारांवर बंगले चढू लागले, तेव्हा फ्रान्झ वेबर या गृहस्थाने चळवळ उभारली, आणि १९७७ साली व्हो प्रांताच्या मतदारांनी या मळ्यांचे संरक्षण आपल्या घटनेत लिहून घेतले. २००७ साली हा प्रदेश जागतिक वारसा ठरला. मतदारांनी तेव्हा कौल दिला नसता, तर आज पाहुण्यांना दाखविण्यासारखे तेथे फारसे उरले नसते.

तेव्हा सोहळ्याची जागा पाहावयास जाल, तेव्हा देखाव्याबरोबर इतर गोष्टीही पाहाव्यात अशी आमची विनंती आहे. म्हाताऱ्या माणसांना तेथवर पोहोचता येईल काय? पावसाची सर आली तर आडोसा आहे काय? आपण परतल्यावर तळ्याचे पाणी पूर्वीइतकेच निर्मळ राहील काय? भाडे आपल्या ऐपतीत आहे काय? आणि ज्यांनी ती जमीन राखली, स्वयंपाक केला, पाणी भरले, त्यांचे पान आपल्या पंगतीत मांडले जाईल काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर जागा सरोवराकाठची असो की आपल्या चर्चच्या आवारातील आंब्याखालची, तेथे खुशाल मांडव घालावा.