मग डॉक्टरेट कशाला केलीस?

परवा नातीचा फोन आला. गणितातली पीएच.डी. झाली आणि नोकरीही लागली. कॉलेजात नव्हे, गणिताचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अगं, मग डॉक्टरेट कशाला केलीस?" ती गप्प झाली. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलाय मी, असं गप्प होणं लगेच कळतं.

मंडळी, माझ्या डोळ्यांसमोर 'प्राध्यापिका' अशी पाटी होती, दुसरं काय!

रात्री तिनेच पुन्हा फोन केला. "आजी, एक तृतीयांश दशांशात लिही." ०.३३३... आवर्ती दशांश, सातवीला हेच तर शिकवायचे. "संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतात. त्यात आपला साधा एक दशांशसुद्धा असाच आवर्ती होतो. कुठेतरी तोडावाच लागतो."

मग तिने १९९१ ची गोष्ट सांगितली. आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरानला पेट्रियट क्षेपणास्त्रांची यंत्रणा सलग १०० तास चालू होती. तिचं घड्याळ एक दशांश सेकंदाने मोजायचं. प्रत्येक वेळी तोडलेला कणभर तुकडा साचत साचत सेकंदाचा तिसरा हिस्सा झाला. यंत्रणेने येणाऱ्या स्कडला भलत्याच जागी शोधलं. २८ अमेरिकन सैनिक गेले.

आणि मी 'उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत काढा' असं फळ्यावर लिहून मोकळी व्हायचे!

चूक किती साचेल हे आधीच सिद्ध करायचं, तिचा प्रबंध त्यावरच आहे. म्हणाली, क्लीव्ह मोलर न्यू मेक्सिको विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांना फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम न लिहिता मॅट्रिक्सची गणितं करता यावीत म्हणून त्यांनी मॅटलॅब लिहिलं. १९८४ मध्ये त्यावर कंपनी निघाली. "तेही शिकवणंच ना, आजी?"

मुलाखतीत मात्र प्रबंधाचं फारसं कुणी विचारलं नाही. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली चूक शोधायला दिली. सी प्लस प्लस ती आपली आपण शिकली. आता दुसऱ्याला वाचता येईल असं लिहायला शिकतेय म्हणे. पायऱ्या लिहा रे, पायऱ्या लिहा, म्हणून माझा घसा बसायचा, ते आठवलं.

असो. मी सॉरी म्हटलं. ती हसली नाही. "बाबाही तेच म्हणाला गं. पंधरा दिवस झाले, बोलला नाहीये."

चिरंजीव, तुम्ही हे वाचता ते मला ठाऊक आहे. तिकडे सकाळ झाली की फोन करा तिला.