हसा, पण सांगा

मधुमेहावर नवं संशोधन झालं की लोक बातमी गंभीरपणे वाचतात. गुडघ्यावर झालं तर आजी कात्रण कापून ठेवते. पण माणसाच्या कामजीवनावर संशोधन झालं, असं नुसतं म्हटलं तरी चारचौघांत कोणी खाकरतं, कोणी खुदकन हसतं, कोणी मोबाईलमध्ये तोंड घालतं. आम्ही डॉक्टरही यातून सुटलेलो नाही. परिषदेत या विषयावर भाषण असलं की सभागृह भरतं, पण 'कोणाला काही विचारायचंय का?' म्हटल्यावर सगळे छताकडे बघतात.

हसू येणं साहजिकच आहे, कारण या शास्त्राचा इतिहासच तसा आहे. जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं उदाहरण घ्या. १९८३ साली लास व्हेगासला मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांचं भाषण होतं. विशिष्ट औषधाचं इंजेक्शन शिश्नात दिलं तर मनात काहीही नसताना ताठरता येते, हे त्यांना दाखवायचं होतं. नुसत्या चित्रांवर कोणी विश्वास ठेवेल की नाही, अशी शंका असावी. गृहस्थ हॉटेलच्या खोलीत स्वतःलाच इंजेक्शन देऊन, ढगळ ट्रॅकसूट घालून भाषणाला आले आणि भर व्यासपीठावर त्यांनी पँट खाली केली. एवढ्यावर न थांबता, श्रोत्यांना खात्री करून घेता यावी म्हणून ते तसेच खाली उतरू लागले. पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळल्या आणि सभा तिथेच आटोपली.

पण मुद्दा सिद्ध झाला. व्यासपीठावर भाषण देताना कोणाच्या मनात शृंगार नसतो. म्हणजे ताठरता हा रक्तवाहिन्यांचा खेळ आहे आणि तो बिघडला तर त्यावर औषध निघू शकतं. त्याआधी अशा बहुतेक रुग्णांना 'सगळं तुमच्या मनात आहे' असं सांगून घरी पाठवलं जायचं.

दुसरी गोष्ट टपालाच्या तिकिटांची. निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्नांच्या काळात, रात्रीतून तीन-चार वेळा ताठरता येते. ती येते की नाही हे तपासायचं कसं? १९८० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी स्वस्तातला उपाय सुचवला. झोपताना शिश्नाभोवती तिकिटांच्या पट्टीचं कडं करून चिकटवायचं. सकाळी ते छिद्रांच्या रेषेवर फाटलेलं असेल तर यंत्रणा ठीक आहे, अडचण ताणतणावात शोधा. आता याहून चांगल्या तपासण्या आहेत, म्हणून कृपया पोस्टात रांग लावू नका. तत्त्व मात्र आजही उपयोगी आहे. सकाळी उठताना ताठरता असते का, हा प्रश्न मी आवर्जून विचारतो.

टपाल खात्याचा आणि या शास्त्राचा ऋणानुबंध इथे संपत नाही. फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी पोस्टमन लोकांच्या वृषणांचं तापमान मोजलं, कपड्यांसह आणि कपड्यांविना. कपडे असताना डावी बाजू उजवीपेक्षा किंचित गरम निघाली. याबद्दल त्यांना २०१९ चा इग नोबेल मिळाला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी तो असतो. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, शुक्राणू नीट तयार व्हायला वृषणांचं तापमान शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी लागतं. भट्टीसमोर काम करणाऱ्याला, तासन्‌तास गाडी चालवणाऱ्याला मूल होत नसेल तर हेही बघावं लागतं. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तरी मूल होत नाही म्हणून फक्त सुनेलाच दवाखान्यात आणणाऱ्या सासूबाई आहेतच. त्यांना मी पोस्टमनची गोष्ट सांगतो. त्या पदराआड हसतात आणि पुढच्या वेळी मुलालाही घेऊन येतात.

आपल्या मराठी मुलखात हे काम एका गणिताच्या प्राध्यापकाने केलं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी सरळ, कधी तिरकस उत्तरं दिली, म्हणून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. दीक्षाभूमीच्या या शहरातही ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. खटला ते हरले, २०० रुपये दंड झाला. प्रश्न हस्तमैथुनासारखेच होते, जे आज माझ्या टेबलापलीकडे बसलेला विशीतला मुलगा मान खाली घालून विचारतो.

'धातू जाते डॉक्टरसाहेब, कमजोरी आली,' असं तो म्हणतो. रक्ताचे चाळीस थेंब आटले की वीर्याचा एक थेंब बनतो, हे त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. मग मी कर्व्यांचं स्मरण करून कागदावर गणित मांडतो. एका वेळचं वीर्य ३ मिली धरू, म्हणजे १२० मिली रक्त गेलं. महिन्यात दहा वेळा म्हणजे १२०० मिली. अंगात एकूण रक्त पाच लिटरच्या आसपास. चार महिन्यांत तू रिकामा व्हायला हवा होतास, इथे चालत कसा आलास? तो हसतो. किती दिवसांनी हसला कोण जाणे. या भीतीने झोप उडालेल्या, रस्त्याकडेच्या तंबूत हजारो रुपये मोजलेल्या मुलांसाठी डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. आजार वीर्यात नसतो, भीतीत असतो.

मुंबईचे डॉ. महिंदर वत्स यांना ही हसण्याची गुरुकिल्ली सापडली होती. ऐंशी ओलांडल्यावर ते वर्तमानपत्रात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देऊ लागले आणि ९६ व्या वर्षी, २०२० मध्ये, गेले. लिंबाचा रस योनीत टाकला तर गर्भ राहणार नाही का, असं एकाने विचारलं, तेव्हा त्यांनी उलट विचारलं की तुम्ही भेळपुरी विकता का? आणि मग निरोध वापरायला सांगितलं. हसू कल्पनेचं होतं, विचारणाऱ्याला उत्तर मात्र मिळालं.

हा फरक महत्त्वाचा. एक हसू माणसाचं तोंड उघडतं, दुसरं बंद करतं. पानटपरीवर मित्र 'काय भाऊ, बॅटरी डाऊन का?' म्हणून हसतात ते दुसरं. त्यानंतर तो माणूस कोणालाच काही सांगत नाही, आणि ते महागात पडू शकतं. शिश्नाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबीचा थर सगळीकडेच साचतो, पण बारीक नळी आधी तुंबते. म्हणून ताठरतेची तक्रार ही पुष्कळदा हृदयविकाराची दोन-तीन वर्षं आधी आलेली चिठ्ठी असते. मधुमेही पुरुषांत तर निम्म्या जणांना ही तक्रार असते.

'ती' निळी गोळीही हृदयाच्याच वाटेने आली. छातीत दुखण्यावर, म्हणजे अंजायनावर, औषध शोधताना सिल्डेनाफिल हाती लागलं. छातीला फारसा उपयोग नव्हता, पण प्रयोगातले स्वयंसेवक वेगळीच बातमी सांगू लागले. १९९८ मध्ये ते व्हायग्रा म्हणून बाजारात आलं. आता मेडिकलमधून गुपचूप घेणारे खूप आहेत. पण छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, किंवा नायट्रेटची कोणतीही गोळी, ज्याला चालू आहे त्याने ही घेतली तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जाऊ शकतो. छातीत दुखून कधी भरती व्हावं लागलं, तर आदल्या एक-दोन दिवसांत अशी गोळी घेतली होती हे तिथल्या डॉक्टरला आधी सांगा. बायको शेजारी उभी असली तरी सांगा.

आणि बायकांनीही बोलायला हवं. पाळी गेल्यावर कोरडेपणाने संबंधाच्या वेळी दुखतं, यावर चांगले उपाय आहेत. 'या वयात काय त्याचं?' असं कोणी म्हटलं तर डॉक्टर बदला.

शब्द सापडत नसतील तर चिठ्ठीवर लिहून आणा. 'अजून एक विचारायचं होतं' एवढंच म्हणा, पुढचं आम्ही विचारू. बीपीच्या गोळीने त्रास होतोय असं वाटलं तर ती मनाने बंद करू नका, बदलून घेता येते. आणि सांगताना हसू आलं तर हसा, मीही हसेन. मग दार लावून घेऊ आणि तुमची शुगर, बीपी आणि ईसीजी बघू.