वरणात कारलं

कारल्याची भाजी करताना आपला निम्मा वेळ कारलं कारल्यासारखं लागू नये यातच जातो. पाठ खरवडायची, मीठ चोळायचं, घट्ट पिळायचं, वर चिंच, गूळ, दाण्याचं कूट. पंचामृत केलं तर जेवून उठताना आंबटगोडच आठवतं. मी कर्जतजवळ शेतघरांवर उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी स्वयंपाक करते. कडू पदार्थ पानात असा वाढायचा की तो कडू राहील आणि तरी पान स्वच्छ होऊन परत येईल, हा माझ्या कामातला जुना पेच. माझ्या मते त्याचं सगळ्यात भरवशाचं उत्तर डाळीत आहे.

हे मला एका बंगाली पाहुण्या बाईंनी करून दाखवलं. त्या चार दिवस राहिल्या, वैशाखाचा उकाडा होता, आणि दुसऱ्याच दिवशी त्या थेट चुलीपाशी आल्या. ‘तेतोर डाल’, म्हणजे कडू वरण. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ताई, वरणात कारला? कोन आजारी हाय?”

कोणीच आजारी नव्हतं. बंगालमध्ये उन्हाळ्याच्या दिवसांत हे वरण भाताबरोबर जेवणाच्या आरंभी घेतात. तिथे कडू पहिलं, मग बाकीचं: कधी हे वरण, कधी शुक्तो, कधी तळलेला कोवळा कडुनिंब वांग्याबरोबर. भूक कडकडीत असते तेव्हाच जीभ कडू निमूट स्वीकारते, हे त्यांनी ओळखलंय. आपण मात्र कारलं ताटाच्या डाव्या बाजूला चमचाभर वाढतो आणि खाणाऱ्याने ते शेवटी संपवावं अशी आशा करतो.

कृती अवघड नाही, क्रम मात्र सांभाळावा लागतो. वाटीभर मूगडाळ कोरडीच मंद आचेवर खमंग भाजायची, धुऊन शिजवायची, पण घोटायची नाही. दाणा दिसला पाहिजे. दुधीच्या फोडी डाळीत घालून शिजू द्यायच्या. कारली लहान आणि कोवळी घ्यायची, पाठ अजिबात खरवडायची नाही. पातळ चकत्या करून, धूर निघेपर्यंत तापवून जरा निववलेल्या मोहरीच्या तेलात कडा तांबूस होईपर्यंत परतायच्या आणि बाजूला काढायच्या. त्या डाळीत पडतात अगदी शेवटी, तीन-चार उकळ्यांपुरत्या. आधीपासून शिजवल्या तर कारल्याचा अर्क सगळ्या पाण्यात उतरतो आणि पातेलंभर काढा तयार होतो. फोडणीला तमालपत्र, सुकी मिरची, मोहरी आणि राँधुनी. ही ओव्याच्या कुळातली बारीक बी. आमच्या बाजारात मिळत नाही, मी जिरं आणि दोन चिमटी ओवा वापरते. त्या बाईंना ते फारसं रुचलं नव्हतं, हेही सांगते. मग किसलेलं आलं, नावाला साखर, वर तूप. चिंच नाही, कांदा-लसूण नाही.

हे का जमतं, याचं कारण स्वयंपाकघरातच आहे. कारल्यातली कडू द्रव्यं पाण्यात पसरली की जिभेवर सगळीकडे लागतात. तळलेल्या चकतीत ती बरीचशी कोंडलेली राहतात. त्यामुळे चार घास मऊ, गोडसर मुगाचे आणि पाचवा कडू, असं जेवण होतं. तूप आणि डाळीचा दाटपणा त्याची धार बोथट करतात. मिठाचं तर वेगळंच. मीठ चोळून पिळलं की थोडा कडू रस जातो हे खरं, पण मिठातला सोडियम मुळात कडू चवीची जाणीवच दाबतो. म्हणून अळणी कारलं भयंकर लागतं. पिळून भाजीचा चोथा करण्यापेक्षा मीठ नेमकं पडलंय का ते बघावं.

जाता जाता, श्रावणात ठाकूर बायका माथेरानच्या उतारावरून करटोली आणतात, ती या वरणात घालू नये. करटोलीचा वेल कारल्याच्या कुळातला खरा (आणि त्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा), पण ती कडू नसते. तिला नुसता कांदा आणि ओलं खोबरं पुरे.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. त्यांना मुगातलं कारलं विचित्र वाटलं, पण त्या स्वतः जन्मभर कडवे वाल खात आल्या आहेत. हा आमच्या रायगडचा वाल पावट्यापेक्षा लहान दाण्याचा आणि नावाप्रमाणे कडसर. भात कापलं की खाचरात जी ओल उरते तिच्यावर तो येतो, वरून पाणी द्यावं लागत नाही. थंडीतलं दव त्याला मानवतं. भिवपुरीच्या वीजघरातून १९२२ सालापासून बाहेर पडणारं पाणी पुढे राजनाल्याने कर्जतच्या शेतांत फिरतं. ते जिथे पोचतं तिथे शेतकरी उन्हाळी भात घेतो. वाल उरतो तो पाणी न पोचलेल्या खाचरांत, आणि अशाच खाचरांवर आता शेतघरांची कुंपणं पडतायत. माझी चूल त्याच शेतघरांवर चालते, त्यामुळे याबद्दल फार आवाज करण्याचा मला अधिकार नाही. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचं. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ ही भाताची नावं इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी असतात. वालाचं बियाणं मात्र बहुतेक घरचंच, मडक्यातलं.

कडवे वाल रात्री भिजवायचे आणि सकाळी ते पाणी फेकायचं. यात हयगय नको. कच्च्या वालात सायनाइड सोडू शकणारी द्रव्यं असतात. भिजवणं, पाणी टाकणं, मोड आणणं आणि पुरतं शिजवणं यांनी ती कमी होतात. फडक्यात बांधले की उन्हाळ्यात दिवसाभरात मोड येतात, पौषात दीड-दोन दिवस लागतात. मग कोमट पाण्यात टाकून चिमटीने सोलायचे. या सोलण्यात बराच कडवटपणा टरफलाबरोबर जातो. बराच, सगळा नव्हे. उरतो तेवढाच हवा असतो. जास्तच सोज्वळ हवे असतील तर पावटे घ्यावेत. बिरडं होईल, पण त्याला चव पावट्याचीच. मावशींचं म्हणणं, “कडू नाय त वाल कसला?”

बिरड्याला ओलं खोबरं, हिरवी मिरची, लसूण, जिऱ्याचं वाटण. डाव फिरवायचा नाही, पातेलं हलवायचं. झाकणात पाणी ठेवून वाफेवर शिजवायचं. गूळ आणि आमसूल दाणा मऊ झाल्यावरच, कारण आंबट आधी पडलं तर वाल बोटचेपा होत नाही. खोबऱ्याची चरबी इथे तेच करते जे बंगालमध्ये तूप करतं. फरक एवढाच की ते कडू चकतीत राखतात, आम्ही दाण्यात.

मी दोन्ही एकत्र करून पाहिलं. बिरड्यात तळलेलं कारलं. करू नका. गूळ-आमसुलात कारलं पुन्हा आपल्या नेहमीच्या भाजीसारखं लागतं आणि वाल त्याच्यापुढे मुका होतो.

कडूने सुरुवात करणं आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. पाडव्याला कडुनिंबाचा पाला वाटतो तो भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, ओवा, हिंग घालून. तिथेही डाळ आहेच. आणि नरक चतुर्दशीला कोकणात अंगठ्याखाली कारीट फोडून जिभेला लावतात, म्हणजे फराळाआधी कडूच. वर्षातून दोनदा आपल्याला हे चालतं. मी आता उन्हाळ्यात पाहुण्यांना विचारत नाही, पहिला भात तेतोर डालबरोबरच वाढते, वाटीत नाही, भातावर. वाटीत दिलं तर उरतं. आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी जास्त कडू होतं, म्हणून माणशी दोन पळ्यांहून जास्त करत नाही.

भात कापलं की खाचरांत वाल पडायला लागतात. जानेवारीत हिरव्या शेंगा पोपटीच्या मडक्यात भाजायला जातात, सुका वाल बाजारात फेब्रुवारी-मार्चला येतो. घेताना दाणा दाताखाली फोडून बघा, भोकं बघा, आणि वर्षाचा भरायचा असेल तर चुलीची राख चोळून ठेवा.